गॅलरीत किल्ला करायचाय, पोरं दोन आणि दोघांचे किल्ले वेगळे – काहीतरी सुचवा

घरात_दोन_वादळं
८ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, गेली कित्येक वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतीये तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

तर आमच्याकडे दोन मुलगे. थोरला ८ वर्षांचा, तिसरीत, धाकटा साडेचार. परवा सहामाही संपतीये आणि मग पुढच्या गुरुवारपासून सुट्टी, म्हणजे मला धडकी भरायला सुरुवात झालेली आहे. कोजागिरीचं दूध पिऊन अजून दोन दिवस झाले नाहीत आणि घरात किल्ल्यावरून रोज दोन लढाया होतायत.

थोरल्याला यंदा राजगड करायचाय. नुसता किल्ला नाही, रा-ज-ग-ड. जुलैमध्ये ते युनेस्कोच्या यादीत आपले किल्ले आले ना, तेव्हा शाळेत बाईंनी सांगितलं आणि याने घरी येऊन बाराच्या बारा नावं पाठ केली, साल्हेरपासून पार तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत, आता जेवताना वरणभाताचा डोंगर केला तरी "आई हा बालेकिल्ला" असं चालू असतं. त्याने वहीत नकाशा काढलाय, तीन माच्या, मधे बालेकिल्ला, सुवेळा माचीवर नेढंसुद्धा (कड्यातलं आरपार भोक) दाखवलंय, आणि त्याला सगळं तस्संच पाहिजे. धाकट्याच्या डोक्यात किल्ला म्हणजे चिखल, जेसीबी, एक डायनासोर आणि "वरून पाणी पडणारं". बस.

रविवारी मी म्हटलं सोफ्याच्या उशांचा ट्रायल किल्ला करून बघा. थोरला उश्या मोजून मापून लावत होता आणि हा मागून जेसीबी घेऊन एकेक माची पाडत येत होता. दहा मिनिटात आरडाओरडा. थोरला रडत रडत स्वैपाकघरात, "आई हा अफझलखान आहे", आणि मागून धाकटा त्याच्यापेक्षा मोठ्याने, "मी नाहीये खान, तूच खान!" मी हातात लाटणं घेऊन उभी, हसू की ओरडू कळेना.

आता जागेचा प्रॉब्लेम. गेल्या वर्षी सोसायटीतल्या सगळ्या पोरांनी पार्किंगमध्ये मिळून केला होता, त्याची माती वाहून पावसाच्या पाण्याची जाळी तुंबली आणि नव्या फरशीला लाल डाग पडले, त्यामुळे यंदा लिफ्टजवळ नोटीस लागलीये की पार्किंगमध्ये मातीकाम बंद. राहिली आमची गॅलरी. तिसरा मजला, ९ बाय ४ फूट, खालच्या काकूंची दोरी बरोब्बर आमच्या पाण्याच्या नळीखाली. वजनाचं काय, माती किती लागते, पाणी खाली जाऊ नये म्हणून काय करायचं आणि मुख्य म्हणजे या दोघांना एका किल्ल्यावर कसं नांदवायचं? नवरा म्हणतो रेडीमेड आणू, रस्त्याच्या कडेला मिळतात, आणला की ठेवला. थोरल्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो परत काही बोलला नाही.

दोन मुलगेवाल्यांनी जास्त लिहा प्लीज.

---

आळशी_सुगरण
९ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

"तूच खान" 😂😂 ऑफिसात चहा सांडला माझ्या हातून.

आमच्याकडे पण दोघेच, आता १२ आणि १०, त्यामुळे सांगते की यातून माणूस जिवंत बाहेर पडतो. राजगडच करायचा असेल तर उलट सोप्पंय की. तीन माच्या आहेत ना? पद्मावती, सुवेळा, संजीवनी. एक माची धाकट्याच्या नावाने करून टाक, तिथे डायनासोर बसो नाहीतर हत्ती, थोरल्याने तिकडे बोट लावायचं नाही आणि याने बालेकिल्ल्याला लावायचं नाही. किल्लेदारीची सनद लिहून दे दोघांना, वर हळदीकुंकू लावून. आमच्याकडे त्या सनदेवरूनच दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी सनद फाडली, तो भाग वेगळा.

---

सिमेंट_कमी_वाळू_जास्त
९ ऑक्टोबर, दुपारी १:२०

पेशाने सिव्हिलवाला आहे म्हणून वजनाचं सांगतो. लोक याचा विचार करत नाहीत. ४ बाय ३ फुटाच्या पायावर २ फूट उंच भरीव ढीग केला तर अंदाजे ८ घनफूट माती लागते. ओली माती घनफुटाला ४५-५० किलो धरा. म्हणजे साडेतीनशे ते चारशे किलो. ही माती तुम्ही तिसऱ्या मजल्यावर चढवणार, दिवाळीनंतर उतरवणार, आणि मधे ती गॅलरीच्या बाहेरच्या कडेला ठेवणार. बाहेर आलेल्या गॅलरीचा स्लॅब एकाच बाजूने धरलेला असतो. लगेच काही होईल असं म्हणत नाही पण कशाला?

पोकळ करा. खाली विटा रचा, त्यावर खोके, वर्तमानपत्राचे बोळे, जुने पाट, काय वाटेल ते. त्यावर गोणपाट. गोणपाट आधी मातीच्या राबडीत बुडवून काढायचं, राबडी म्हणजे इडलीच्या पिठापेक्षा थोडी पातळ. ओलं असताना हाताने चिमटे काढून कडे, घळी, सुळके सगळं करता येतं, आणि वाळलं की कडक होतं. वरून एकच हात मातीचा. दोन-तीन घमेल्यात काम होतं. आणि घराच्या भिंतीला लागून करा, कठड्याकडे नको. याचं दुसरं कारण वजन नाही, तुमचा साडेचार वर्षांचा मुलगा आहे. कठड्याशेजारी विटांची पायरी म्हणजे त्याला चढायला आमंत्रण.

खाली जुना फ्लेक्स घाला. कुठल्या तरी भाऊंच्या वाढदिवसाचा मिळेलच, पाणी एक थेंब खाली जात नाही. फक्त उलटा घाला, नाहीतर महाराजांच्या गडाखालून भाऊ हसताना दिसतात. पाण्याच्या नळीच्या तोंडावर जुन्या साडीचा तुकडा बांधा, माती अडते. आणि काकूंना आधी जाऊन सांगा, फराळाचं ताट घेऊन गेलात तर उत्तम.

---

वाईकर_आजोबा
९ ऑक्टोबर, रात्री ८:१५

लिहिण्याचा मोह आवरला नाही.

आमच्या लहानपणी वाईला सहामाहीचा शेवटचा पेपर देऊन आम्ही दप्तरासकट कृष्णेच्या काठी माती आणायला जायचो, घरी नंतर. गाळाची माती हाताला लोण्यासारखी लागते पण वाळली की तडे जातात, काळी माती तर विचारूच नका, सकाळी उठून बघावं तर बुरुज दुभंगलेला. म्हणून सुतारकाकांकडून लाकडाचा भुसा आणायचा आणि मातीत मळायचा, तडे कमी जातात. तुम्हाला शहरात नर्सरीतली लाल माती मिळेल, तिच्यात खडे फार असतात, चाळून घ्या. तटबंदीला गेरू, दरवाजाला कोळशाची पूड. कारंज्याला सलाईनची नळी लागायची, ती मिळवण्यासाठी आम्ही दवाखान्यातल्या कंपाउंडरची पंधरा दिवस आधीपासून मर्जी राखायचो. मडकं वर टांगायचं, नळी डोंगराच्या पोटातून घालायची, टोकाला बॉलपेनच्या रिफिलचा तुकडा. पाणी उडालं की सगळ्या आळीतली पोरं गोळा. (आता वापरलेली नळी दवाखान्यातून आणू नका, माशांच्या टाकीची नवी नळी दुकानात मीटरवर मिळते.)

पण मी खरं लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने. आमच्याकडेही दोनच भाऊ, त्यात मी धाकटा. दादा किल्ला करायचा आणि मला एकच काम, "जा, पाणी आण." विहिरीवरून छोट्या बादलीने मी पाणी आणत राहायचो, माती कालवायला मिळायची नाही. एका वर्षी रागाने सगळी बादली बालेकिल्ल्यावर ओतली आणि मार खाल्ला. दादा आज ७४ वर्षांचे आहेत, अजूनही जेवायला बसलो की म्हणतात, "जा रे, पाणी आण." मी उठतो. ताई, तुमच्या धाकट्याच्या हाताला माती लागू दे एवढंच सांगायचं होतं. मावळे मांडले नाहीत तरी चालेल.

---

तिखट_चटणी
१० ऑक्टोबर, सकाळी १०:३०

किल्ल्याचं सगळे सांगतायत, मी वेगळं विचारते. फराळ आई करणार, साफसफाई आई, किल्ल्याची माती आई आणणार, भांडणं आई सोडवणार, धागा पण आईच काढणार. बाबांचं योगदान काय तर "रेडीमेड आणू". सनद त्यांना पण द्या एखादी.

---

आळशी_सुगरण
१० ऑक्टोबर, सकाळी १०:५२

@तिखट_चटणी विषयांतर होतंय पण अनुमोदन 😀 आमच्याकडे नवऱ्याला "तू इलेक्ट्रिकचं बघ" सांगितलं की तो हजर. दिव्यांच्या माळा, मोटर, वायर असं काही दिसलं की पुरुषमंडळी आपोआप जमतात, त्यांना माती म्हणायचंच नाही.

---

मिसिसागाकर
१० ऑक्टोबर, संध्याकाळी ७:४५

आमचे ९ आणि ६. इथे कॅनडात आत्ता झाडं पेटल्यासारखी लाल-पिवळी झालीयेत, शनिवारी पोरांना पानं गोळा करायला अंगणात पाठवलं तर एकाने ढीग करायचा आणि दुसऱ्याने त्यात उडी मारायची, मग पहिला रडणार, म्हणजे भूगोल बदलला तरी नाटक तेच, फक्त नेपथ्य मेपलचं.

किल्ला आम्ही गॅरेजमध्ये करतो, गाडी पंधरा दिवस बाहेर. बागकामाचा सीझन संपत आल्यामुळे मातीच्या पिशव्या स्वस्तात मिळतात. खरा त्रास हळीवाचा. इथे रात्री ४-५ डिग्री असतं त्यामुळे बी फुगतं, बुळबुळीत होतं आणि तसंच बसून राहतं. दोन वर्षं टकला किल्ला झाला. मग बायकोने ताटात कापसावर घरातच, हीटरच्या झडपेजवळ उगवलं आणि नंतर ती हिरवी चादर कापून डोंगरावर लावली, मस्त जमलं. तुम्हाला हा प्रश्न नाही, तुमच्याकडे उलट दुपारी ऊन मी म्हणत असणार, तर सकाळ-संध्याकाळ फवारा मारा. हळीव भिजवून थापलं तर उभ्या कड्यालाही चिकटून बसतं, मोहरी तिथून घरंगळते, तिला सपाट जागा द्या. पाच-सहा दिवस धरा, म्हणजे वसुबारस १७ ला आहे तर ११-१२ ला टाकायलाच हवं.

गेल्या वर्षी गंमत झाली. इथे लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकाच संध्याकाळी, ३१ ऑक्टोबरला. गॅरेज उघडं, आत पणत्या लावलेला प्रतापगड, आणि दारात भुतं, चेटकिणी, सुपरहिरो रांगेत. शेजारच्या बाई म्हणाल्या किती सुंदर भुताचा वाडा केलाय! मोठ्याचा चेहरा बघायला हवा होता. त्याने त्या बाईंना खाली बसवून अख्खी अफझलखानाची भेट सांगितली, १० नोव्हेंबर १६५९ तारखेसकट, आणि मग चॉकलेटबरोबर एकेक चकली दिली. यंदा त्या आधीच विचारून गेल्यात, चकल्या कधी.

भांडणाचं म्हणाल तर आमच्याकडे एक गोष्ट चालली. जागा वाटून दिली की सीमावाद होतात, कामं वाटून दिली की कमी होतात. मातीकाम, चिखल, पाणी, बी टाकणं धाकट्याचं. मोजमाप, मांडणी, नावाच्या पाट्या थोरल्याच्या. लहानाला चिखलच हवा असतो आणि मोठ्याला चिखल झाल्यावर जे उरतं ते.

---

मालवणी_खाजा
१० ऑक्टोबर, रात्री १०:१०

अगो बाय, पण राजगडच कशाला? डोंगरी किल्ला म्हटलं की उंची आली, उंची आली की माती आली. जलदुर्ग करा की!

आमच्याकडे दिवाळीला किल्ल्यांपेक्षा नरकासुराचं वेड जास्त, पहाटे त्याला जाळायचं आणि मग तुळशीसमोर पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, कडू लागलं पाहिजे जिभेला. पण माझं माहेर मालवणचं, सिंधुदुर्ग बघत मोठी झाले, आणि पुण्यात आल्यापासून दर वर्षी पोरांना तोच करून देते. कुरटे बेट, २५ नोव्हेंबर १६६४ ला बांधकाम सुरू झालं, तीनेक वर्षं चाललं. सगळा किल्ला सपाट बेटावर, त्यामुळे तुमचा किल्ला जास्तीत जास्त वीतभर उंच. सगळी करामत तटात आहे, नागमोडी जातो तो, आणि दरवाजा बुरुजांच्या आड असा लपवलाय की होडीतून जवळ गेलं तरी दिसत नाही. थोरल्याला हे आवडेल बघा, बुरुज ४२ आहेत, मोजून करू दे. आणि धाकट्याला समुद्र! त्याला पाणीच हवंय ना?

आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं. मला लहानपणी वाटायचं की खरंच दूध असेल.

---

घरात_दोन_वादळं
१० ऑक्टोबर, रात्री ११:५५

अरे बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! आजोबा, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला, तो धाकटा आहे त्याच्या घरातला, काहीच बोलला नाही, उठून गॅलरीतल्या कुंड्या हलवायला लागला. @तिखट_चटणी घ्या, झालं योगदान सुरू.

@मालवणी_खाजा जलदुर्गाचं धाकट्याला सांगितलं, तो लगेच तयार, दूध-साखर-दही ऐकून तर तो अर्धा तास तेच म्हणत फिरतोय. थोरला अडून बसलाय. म्हणतो राजगड जास्त वर्षं राजधानी होती. बरोबर आहे त्याचं, पण उद्या बघते.

---

डासांचा_शत्रू
११ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

जलदुर्ग करणार असाल तर एकच सांगतो. डेंग्यूचा डास गटारात नाही, अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि ऑक्टोबर म्हणजे त्याचा सीझन. पाणी दोन-तीन दिवसांनी पूर्ण ओतून टब आतून घासायचा, नुसती भर घालायची नाही. आणि लहान मूल घरात आहे, भरलेल्या टबाशी एकटं सोडू नका, वीतभर पाणी असलं तरी. बाकी चालू द्या.

---

घरात_दोन_वादळं
१३ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

अपडेट. ठरलं, सिंधुदुर्ग.

थोरला कसा मानला ते सांगते. त्याला म्हटलं राजगड तू केलास तर फार तर आपल्या मजल्यावरचे लोक बघतील, सगळे राजगडच करतात, पण त्या यादीतला सिंधुदुर्ग आपल्या अख्ख्या सोसायटीत कोणीच केलेला नाही. पाच मिनिटं विचार केला आणि म्हणाला, "पण बुरुज ४२ च पाहिजेत." झालं. तेव्हापासून घरात बाटल्यांच्या झाकणांची वसुली चालू आहे. शेजारी, वॉचमनकाका, खालच्या काकू, सगळ्यांकडे जाऊन आला. आज सकाळपर्यंत ३७ झाली. इनोच्या बाटलीचं झाकण मिळावं म्हणून बाबांना इनो घ्यायला लावला, त्यांना काहीही झालेलं नव्हतं.

समुद्र म्हणून माळ्यावरून धाकट्याचा बाळपणीचा आंघोळीचा टब काढला. मी तो कुणाला तरी द्यायचा म्हणून दोन वर्षं ठेवला होता. मधे विटा, त्यावर माती, @सिमेंट_कमी_वाळू_जास्त यांच्या कृपेने गोणपाट राबडीत बुडवून काढलं आणि ते काम पूर्ण धाकट्याचं. त्याचा असा अवतार झाला होता की फक्त डोळे दिसत होते, त्याला तसाच उचलून बाथरूममध्ये नेला, तर वाटेत पॅसेजच्या भिंतीवर हात टेकवत आला. दोन मातीचे पंजे उमटलेत. पुसणार आहे. अजून पुसलेले नाहीत.

हळीव परवाच टाकलं, एका ताटात, तो मालवणचा किनारा. रोज सकाळी उठल्या उठल्या दोघं तोंड न धुता आधी तिकडे पळतात, पालथे पडून बघतात. आज पांढरे कोंब दिसले तर धाकटा ओरडला, "आई, किल्ल्याला दात आले!"

चकलीची भाजणी अजून गिरणीत पडलीये, ते वेगळंच.

---

आळशी_सुगरण
१३ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

किल्ल्याला दात 😍
भाजणी आण आधी, शुक्रवारनंतर गिरणीत रांग लागते.

---

घरात_दोन_वादळं
२४ ऑक्टोबर, रात्री ११:१०

काल भाऊबीज झाली, आज घरात पहिल्यांदा शांतता आहे म्हणून शेवटचं लिहून टाकते.

किल्ला वसुबारसेला पूर्ण झाला. नवऱ्याने शनिवारी बसून कारंजं केलं, माशांच्या टाकीची नळी, वर पाण्याचा कॅन, रिफिलचा तुकडा. पहिल्यांदा पाणी उडालं ते थेट त्याच्या चष्म्यावर, दोघं पोरं लोळून हसली. सिंधुदुर्गावर कारंजं नव्हतं असा आक्षेप थोरल्याने नोंदवला होता, मग ते मालवणच्या किनाऱ्यावर हलवलं. जेसीबी बंदरावर कामाला आहे. डायनासोर समुद्रात अर्धा बुडवला, त्याला मगर म्हणायचं असं दोघांच्या संमतीने ठरलं. बुरुज ४१ झाले. बेचाळिसाव्याला झाकण मिळेना म्हणून धाकट्याने आपलं एक रुपयाचं नाणं दिलं आणि वर म्हणाला, "हा माझा बुरुज." थोरल्याने तो दरवाजाशेजारी लावला. मी काहीही सांगितलेलं नव्हतं.

भांडणं थांबली असं समजू नका. पहिल्या आंघोळीला आधी उटणं कुणाला यावरून सकाळी साडेपाचला भांडले, कारीट कुणी फोडायचं यावरून भांडले (मालवणी_खाजांचं वाचून मी मंडईतून शोधून आणलं होतं, एकच आणलं, माझीच चूक), चिवड्याच्या डब्यातले नुसते शेंगदाणे कुणी खाल्ले यावरून अजून तपास चालू आहे. पण किल्ल्यावरून एकदाच झालं, पाडव्याच्या दुपारी. धाकट्याला शेवटी सुतळी बॉम्ब लावून किल्ला उडवायचा होता, वरच्या मजल्यावरच्या दादांनी सांगितलं होतं तसं, आणि थोरला टबाला मिठी मारून बसला, शर्ट ओला, सोडेचना. शेवटी तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवायचा आणि मग माती कुंड्यांत घालायची असं ठरलं. टबाचं काय करायचं ठरलं नाहीये. दर दोन दिवसांनी पाणी बदलतीये, डासांचे शत्रू, काळजी नसावी.

खालच्या काकूंची तक्रार नाही. त्यांच्या चादरीवर एकदा लाल पाणी पडलं होतं, मी माफी मागायला गेले तर त्या म्हणाल्या तुझे दोघं किल्ला दाखवायला घेऊन गेले होते मला, सव्वा तास उभं करून ठेवलं, चादरीचं काय घेऊन बसलीस.

---

मालवणी_खाजा
२५ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. फोटो टाक ना, पोरांचे नको, किल्ल्याचा टाक. आणि विहिरींचं काहीच लिहिलं नाहीस, तिन्ही केल्या ना?

---

घरात_दोन_वादळं
२५ ऑक्टोबर, सकाळी ८:५५

केल्या की, तीन पणत्या पुरल्या मातीत. मी म्हटलं पाणी घालू. पण धाकट्याचं म्हणणं दूधबाव म्हणजे दूध, साखरबाव म्हणजे साखर, त्याने मी चकल्या तळत असताना फ्रीज उघडून सगळं बरोब्बर नेऊन घातलं. दूध सोसायटीतल्या मांजरीने रात्रीतून संपवलं. साखरेला सकाळी मुंग्यांची अशी रांग लागली होती, तटावरून, दरवाजातून, अगदी शिस्तीत, थोरला अर्धा तास त्यांना मोजत होता, गनीम किती ते लिहायला. दहीबावेतलं दही कुणी नेलं नाही. ते त्याने स्वतःच बोटाने चाटून खाल्लं, मातीसकट.